आठवत नाही, म्हणजे कळत नाही असे नव्हे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे फार सहज तोंडी येते. आजोबांनी कपाळावरचा चष्मा घरभर शोधला की नातवंडे हसतात आणि कोणीतरी ही म्हण म्हणून मोकळे होते. विषय तेवढ्यावरच संपला तर हरकत नाही. पण पुष्कळदा तो तिथे संपत नाही. विसरणाऱ्या माणसाला घरातले लोक हळूहळू काही विचारेनासे होतात. शेताचा व्यवहार असो, ऑपरेशन असो की घराची वाटणी, 'त्यांना काय विचारायचे, त्यांना आता काही कळत नाही' असे त्यांच्या समोरच बोलले जाते. याच्या उलटही घडते. ज्याला खरोखरच काही उमगेनासे झाले आहे, त्याचा अंगठा मात्र कागदावर बिनदिक्कत उमटवून घेतला जातो.

हे दोन्ही प्रकार जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रुग्ण तपासताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून आज विसराळूपणाच्या औषधांविषयी न लिहिता एका वेगळ्या प्रश्नाविषयी लिहितो. स्मरणशक्ती थोडी कमी झालेल्या माणसाला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का? आणि ते कसे ओळखावे?

तीन पायऱ्या

वयाबरोबर थोडे विसरणे स्वाभाविक आहे. लग्नात भेटलेल्या पाहुण्याचे नाव त्या क्षणी आठवत नाही आणि घरी परतताना बसमध्ये आठवते. हा आजार नव्हे.

याच्या पुढची पायरी म्हणजे सौम्य स्मृतिदोष. डॉक्टर मंडळी याला 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' किंवा थोडक्यात 'एमसीआय' म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याची लक्षणे नीट मांडली. यात माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो, ठरलेल्या भेटी विसरतो, आणि चाचणी घेतली तर वयाच्या मानाने स्मरणशक्ती कमी भरते. पण अंघोळ, जेवण, बाजारहाट, एकट्याने एस.टी.ने भुसावळला जाऊन येणे, हे सारे त्याचे तो करतो.

तिसरी पायरी स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची. अल्झायमर हा त्यातलाच सर्वात जास्त आढळणारा प्रकार. यात रोजची कामेच अडतात. चहा करताना साखर टाकली की नाही हे कळत नाही, स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकतो. 'अस्तु' या २०१३ च्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित या पायरीवरचे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना.

दुसऱ्या पायरीवरचा प्रत्येक जण तिसऱ्या पायरीवर जातोच असे नाही. तज्ज्ञांकडे तपासणीला येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के लोकांना पुढे स्मृतिभ्रंश होतो. काही जण वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात. काही जण तर पूर्वीसारखे बरे होतात, कारण त्यांच्या विसरण्यामागे उपचाराने दुरुस्त होणारे कारण असते. 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, उदासीनता, झोपेच्या गोळ्या, दारू, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे ही त्यातली नेहमीची कारणे. ऐकू कमी येणारा माणूसही विसराळू वाटतो. वास्तविक त्याने ती गोष्ट ऐकलेलीच नसते. म्हणून शिक्का मारण्याआधी तपासणी हवी.

निर्णयक्षमता कशी पाहावी?

निर्णयक्षमता आणि स्मरणशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय घेण्यासाठी चार गोष्टी लागतात, असे या विषयातले तज्ज्ञ मानतात.

१) सांगितलेली माहिती समजणे.
२) ती गोष्ट आपल्या स्वतःच्या बाबतीत आहे, हे उमगणे.
३) 'हे केले तर काय, न केले तर काय' याची तुलना करता येणे.
४) आपली निवड बोलून, खुणेने किंवा लिहून सांगता येणे.

या चारही गोष्टी निर्णय घ्यायच्या वेळी जमल्या, की त्या निर्णयापुरती ती व्यक्ती सक्षम आहे. 'त्या निर्णयापुरती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे की नाही हे ज्याला नीट ठरवता येते, त्याला गुंतवणुकीच्या योजनेतली मेख कळेलच असे नाही. क्षमता ही माणसावर कायमची मारायची मोहोर नाही. ती त्या त्या प्रश्नापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते.

आजींचा पाय

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

साक्री तालुक्यातल्या एका आजींना मधुमेहामुळे पायाच्या अंगठ्याला गँगरीन झाले. धुळ्याला एका सर्जन मित्राने त्यांना दाखल करून घेतले आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी मला बोलावले. दोन वर्षांपासून आजींना सौम्य स्मृतिदोष होता. थोरला मुलगा बाहेरच भेटला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आईला काही सांगू नका. तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. सही मी करतो, तुम्ही अंगठा काढून टाका." मुलगा मनाने वाईट नव्हता. आईला त्रास नको, एवढाच त्याचा हेतू होता.

त्या संध्याकाळी आजी खरोखरच भ्रमात होत्या. ताप होता, साखर चारशेच्या वर होती, आणि त्या मला आपला वारलेला भाऊ समजून बोलत होत्या. अशा वेळी कोणाचीच निर्णयक्षमता शाबूत नसते. पू काढणे, इन्सुलिन, अँटिबायोटिक हे थांबण्यासारखे नव्हते. ते मुलाच्या संमतीने लगेच केले. अंगठा काढण्याचा निर्णय मात्र दोन दिवस थांबू शकत होता. तो थांबवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. आजींना तारीख विचारली, ती सांगता आली नाही. महिनाही सांगता आला नाही. पण "आखाजी होऊन आठ दिवस झाले, आणि आज आमच्याकडे बाजार असतो," हे त्यांनी बरोबर सांगितले. शाळेत न गेलेल्या बाईला इंग्रजी तारीख विचारून तिची बुद्धी मोजणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसावे. चाचणीतले गुण शिक्षणावरही अवलंबून असतात. त्यांवरून निर्णयक्षमता ठरवता येत नाही.

मग त्यांच्या मुलीला बोलावले आणि अहिराणीतून त्यांना सगळे समजावून सांगायला लावले. नंतर आजींनाच विचारले, "आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं?" त्या म्हणाल्या की अंगठा मेला आहे, तो ठेवला तर विष वर चढेल. अंगठा गेल्यावर ओट्यापाशी उभे राहता येईल का, असे त्यांनी उलट मलाच विचारले. त्यांच्या शेजारच्या एका बाईचा आधी अंगठा गेला होता आणि मग मांडीपासून पाय. भीती त्याची होती. सर्व ऐकून घेऊन त्यांनी अंगठा काढायला होकार दिला. पण पुढे पाय कापायची वेळ आली तर? त्या म्हणाल्या, "मंग माले परत इचारा."

हे सर्व केसपेपरवर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आजींना आदल्या दिवशीचे बोलणे आठवत नव्हते. मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगितले. आजींनी तोच प्रश्न विचारला, तोच होकार दिला आणि तीच अट घातली. बोलणे विसरले होते, पण मन बदलले नव्हते. संमतीच्या कागदावर त्यांनी स्वतः अंगठा दिला. पुढे जखम भरून आली, पाय वाचला. पण पाय वाचला नसता तरी त्यांना विचारणे बरोबरच होते. पाय त्यांचा होता.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये सौम्य स्मृतिदोष असलेल्या लोकांची आजारपणातील निर्णयक्षमता तपासली. निवड सांगणे आणि योग्य पर्याय निवडणे यांत हे लोक त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या बरोबरीचे होते. उपचारांची माहिती समजणे, तिचे परिणाम उमगणे आणि कारणमीमांसा करणे यांत मात्र ते मागे पडले. म्हणजे 'हो' किंवा 'नाही' ते ठामपणे म्हणतात; पण त्या 'हो'च्या मागे किती समज आहे, हे पाहावे लागते.

२०११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सौम्य स्मृतिदोष असलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे २० जणांत उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता अपुरी आढळली. अल्झायमरच्या रुग्णांत हे प्रमाण ५४ होते, तर निरोगी वृद्धांत ३ पेक्षाही कमी. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. १०० पैकी ८० जण सक्षम असताना सरसकट सर्वांना बाजूला सारणे हा अन्याय आहे. आणि २० जणांना मदतीची गरज असताना न पाहता सही घेणे हाही अन्यायच. त्याच आढाव्यात असेही दिसले की क्षमता हरपलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टरांच्या लक्षातच आले नव्हते. गोड बोलणारा, मान डोलावणारा रुग्ण सर्वांनाच फसवतो.

गुरुजींचे दोन कागद

पैशांच्या व्यवहारात हा फरक अधिक ठळक दिसतो. अमळनेर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. 'ब-१२' कमी होते, ते भरून काढल्यावर थोडा फरक पडला, तरी स्मृतिदोष राहिला. एकदा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबांना सगळं कळतं, असं सर्टिफिकेट द्या. मृत्युपत्र करायचं आहे."

मी मुलाला बाहेर बसवले आणि गुरुजींशी दोन वेगवेगळ्या दिवशी बोललो. जमीन किती, कोरडवाहू किती, घर कोणाच्या नावावर, मुले किती, कोणाला आधी काय दिले, हे त्यांनी न चुकता सांगितले. बायकोला हयातभर घर राहावे आणि मुलीलाही वाटा मिळावा, ही इच्छा आणि तिचे कारणही सांगितले. दोन्ही दिवशी तेच.

मग पैशांविषयी विचारले. तेव्हा कळले की 'तीन वर्षांत दुप्पट' देणाऱ्या कोणाच्या तरी योजनेच्या अर्जावर त्यांनी नुकतीच सही केली होती. कंपनी कोणती, पैसे बुडाले तर काय, हे त्यांना सांगता येईना. एका भेटीत पैसे गुंतवायचे म्हणाले, दुसऱ्या भेटीत अजिबात नाही म्हणाले. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचे दुःख जळगाव जिल्ह्यातील किती घरांनी भोगले आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून मी दोन वेगळे निष्कर्ष लिहिले. मृत्युपत्र करण्यास गुरुजी सक्षम आहेत. नव्या गुंतवणुकीचे निर्णय त्यांनी पत्नी किंवा मुलीच्या मदतीनेच घ्यावेत. गुरुजींना हे पटले. मोठी रक्कम काढायला दोघांच्या सह्या लागतील असे खाते त्यांनी स्वतःच बँकेत जाऊन करून घेतले. मुलालाही वडिलांचा अपमान झाला असे वाटले नाही. सर्टिफिकेटमध्ये नुसते 'मानसिकदृष्ट्या ठीक' असे लिहून चालत नाही. कोणत्या निर्णयासाठी तपासले, कोणत्या तारखेला, काय विचारले आणि रुग्णाने काय उत्तर दिले, हे लिहावे.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. पण काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात.

भारतीय करार कायदा (१८७२) करार करतानाची मनःस्थिती पाहतो. व्यवहार समजून घेऊन त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे ज्याला त्या वेळी ठरवता येते, तो सक्षम. भारतीय वारसा कायदा (१९२५) मृत्युपत्राबाबत असेच सांगतो. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि क्षमता असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो मानसिक आजारांच्या उपचारांपुरता आहे. तरी त्यातले एक तत्त्व घराघरात पोहोचावे असे आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही.

सर्वात मोठा गैरसमज कुलमुखत्यारपत्राविषयी आहे. 'बाबांनी मुखत्यारपत्र करून दिले आहे, आता काळजी नाही' असे लोक म्हणतात. परंतु करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची विचारशक्तीच हरपली, की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमके त्या दिवशी ते उपयोगाचे राहत नाही. त्यानंतर मालमत्तेच्या व्यवहारासाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागू शकते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी ते औरंगाबाद खंडपीठ. खर्च आणि वेळ दोन्ही जातात.

बक्षीसपत्राने घर किंवा शेत मुलांच्या नावे करायचे असेल तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट कागदात स्पष्ट लिहावी. अट मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिक कायदा (२००७) कलम २३ नुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते बक्षीसपत्र रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

घरच्यांनी काय करावे?

१) महत्त्वाचे बोलणे सकाळी, झोप आणि न्याहारी झाल्यावर करावे. ताप, खोकला, जुलाब किंवा दवाखान्यातली पहिली रात्र ही निर्णय विचारण्याची वेळ नव्हे.

२) चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असावे. टीव्ही बंद करावा. भोवती दहा नातेवाईक नकोत.

३) माणूस घरात जी बोली बोलतो त्या बोलीत सांगावे. एका वेळी एकच गोष्ट. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यावे.

४) 'समजलं ना?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. 'तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा' असे म्हणावे.

५) मोठा निर्णय असेल तर एक-दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. तेच उत्तर आणि तेच कारण आले तर ते ग्राह्य धरावे. आधीचे बोलणे आठवत नसले तरीही.

६) ज्याचा त्या निर्णयात फायदा आहे, त्याने त्या वेळी खोलीत नसावे. डॉक्टरांनी किंवा वकिलांनी रुग्णाशी एकट्याने बोलण्याचा आग्रह धरला तर राग मानू नये.

७) क्षमता अपुरी आढळली तरी माणसाला विचारणे सोडू नये. निर्णय इतरांनी घ्यायचा असला तरी त्यांची आवड-नावड, आयुष्यभराची तत्त्वे लक्षात घेऊनच तो घ्यावा.

वेळ असताना

सौम्य स्मृतिदोष कळला की पुष्कळ घरांत तो लपवला जातो. माझे सांगणे याच्या उलट आहे. हीच वेळ कामाची आहे, कारण माणूस अजून स्वतः सांगू शकतो. मृत्युपत्र, बँकेतील खात्यांची यादी, आपल्यासाठी कोणी बोलावे, शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावावे की नाही, हे आताच ठरवता येते. शेवटच्या आजाराविषयीचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते.

तपासणीसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनाच्या तक्रारींसाठी 'टेली-मानस'चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन'चा १४५६७ हे सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. सुरुवात मात्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

घरात कोणी वडीलधारे विसरू लागले असेल, तर त्यांच्याविषयीचा पुढचा निर्णय घेण्याआधी त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांनाच विचारा. उत्तराला थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा.